जाळीचा खिसा

हळदीच्या दिवशी घरातल्या सगळ्या पोरांच्या अंगावर एकसारखे कपडे दिसले पाहिजेत, हे शेवंतीने धाकट्या लेकाचं, केतनचं लग्न ठरलं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. बायकांच्या साड्या एकसारख्या, पुरुषांच्या टोप्या एकसारख्या, मग पोरांनीच काय कोणाचं घोडं मारलंय? पांढरा कुडता, हाफपँट आणि वर चौकड्यांच्या कापडाची बंडी. आणि पोरांचे कपडे म्हटल्यावर दुसऱ्या कोणाचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता. ते हेमाली शिवणार.

गंमत अशी, की ज्या खोलीत बसून हेमालीने हे कपडे शिवायचे ती खोली रिकामी करायचंही त्याच दिवशी ठरलं. ते मात्र कोणी जाहीर केलं नाही.

नव्या सुनेला पुढची खोली, ही दामाजीच्या घरची रीत. शेवंती स्वतः नवरी म्हणून याच खोलीत आली होती. थोरल्या प्रणितची बायको ऋजुता पण याच खोलीत उतरली, पण तिचा संसार थोड्याच महिन्यांत डोंबिवलीला सहाव्या मजल्यावर गेला आणि खोली मोकळी राहिली. त्यानंतर हेमाली, घरातली सगळ्यांत मोठी मुलगी, खडवलीचं सासर कायमचं सोडून आली. येताना टेम्पोतून फक्त पायमशीन आणलं होतं. ते तिने खिडकीपाशी लावलं, कारण खिडकी खाडीकडे उघडते आणि उजेड दिवसभर टिकतो. मग कापायला टेबल आलं. मग टेबलाभोवती पोरं आली. इतकी वर्षं झाली, तरी घरात त्या खोलीला सगळे 'पुढची खोली'च म्हणत. हेमालीची खोली असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि तिनेही कधी म्हणायला लावलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी खोलीत कोळीवाड्यातली निम्मी पोरं होती आणि एकही सरळ उभं राहत नव्हतं.

"प्रीतम, हात खाली."

"आत्या, गुदगुल्या होतात."

"मी हात लावला नाय अजून."

खरंच लावला नव्हता. हेमाली पोरांच्या अंगाला टेप लावायचीच नाही. ती आयांना सांगायची, जो शर्ट हा अंगातून काढायला देत नाही, ज्याच्यासाठी रडतो, तो आणा. विटका असू दे, फाटका असू दे. त्या शर्टावर कागद ठेवून ती बेतायची, वर वाढत्या अंगाचं दोन बोटं जास्त धरायची, आणि तिचा कपडा पोरगं पहिल्या दिवसापासून जुना असल्यासारखा घालायचं. बाजारात मुलींसाठी फ्रॉकांचे डोंगर असतात आणि मुलग्यांना तोच खडखडीत शर्ट नि तीच पँट. हेमालीचं सगळं चालत होतं ते याच एका गोष्टीवर.

दुसरी गोष्ट खिशाची. कुडते बाहेरून सगळे सारखे, पण खिसा ज्याचा त्याचा.

"खिशात काय ठेवणार?" तिने विचारलं.

"मोबाईल," प्रीतम म्हणाला.

"तुझ्याकडे मोबाईल आहे?"

"पप्पांचा आहे."

"मग पप्पांच्या खिशात राहू दे. तू काय ठेवणार?"

प्रीतमने जरा विचार केला. "भोवरा."

"मग खोल करते. आरी बाहेर आली तर मांडीला लागेल. चल, पळ. कोण पुढचा?"

पुढचा नील होता, प्रणित आणि ऋजुताचा मुलगा. पण नीलचा खिसा आधीच झाला होता, आणि झाल्यापासून हेमाली वडलांच्या, दामाजीच्या नजरेला नजर देत नव्हती. मागच्या सुट्टीत नीलने खिशात काय ठेवणार याचं उत्तर दिलं होतं, "चिंबोरी." डोंबिवलीचं पोर, पण ठाण्याला आलं की आजोबांचं बोट धरून जेट्टीवर. चिंबोरी हा खाडीतला खेकडा, ओला, चिखलाचा. कापडाचा खिसा दोन दिवसांत कुजला असता. तेव्हा हेमाली मागच्या जाळ्यांच्या खोलीत गेली, दामाजीच्या हाताने विणलेल्या जुन्या पागाला जिथे भोक पडलं होतं तिथला तुकडा तिने कापला, आणि नीलच्या रोजच्या हाफपँटला जाळीचा खिसा लावला. पाग, म्हणजे फेकायचं जाळं. दामाजीने होडी विकली, पण जाळी विकली नव्हती. दर नारळी पौर्णिमेला तो त्यांना हळदकुंकू लावायचा. त्या खोलीत चपला घालून कोणी जात नसे. कात्री घेऊन जाणं तर सोडाच.

आज नीलने तीच हाफपँट घातली होती, आणि हेमालीच्या हे उशिरा लक्षात आलं. ती काही बोलायच्या आत तो बाहेर पळालाही होता.

*

ऋजुता दारात उभी राहून फोटो काढत होती. ऐरोलीच्या कंपनीत तिचं काम माणसं नेमायचं, आणि चांगलं माणूस दिसलं की तिला स्वस्थ बसवत नसे. हेमालीताई हे चांगलं माणूस होतं, वाया चाललेलं.

"ताई, एक बोलू?" पोरं गेल्यावर ती म्हणाली.

"बोल की."

"मशीन आमच्याकडे आणा ना. हॉलमध्ये लावू. मी पेज बनवते, ऑर्डर मी बघते. लोकं वेडी होतील अहो. हातचं शिवलेलं, सुती, मुलग्यांचं. कोणी करतच नाही."

हेमालीने दोरा दाताने तोडला. "तुमच्या हॉलमध्ये उजेड कुठून येतो?"

"ट्यूब आहेत की. चांगल्या लावून घेऊ."

"आणि पोरं कुठून येणार?"

"पोरं कशाला? साईज चार्ट असतो. चार ते पाच वर्षं, पाच ते सहा..."

"बरं. आणि चार्टला खिशात काय ठेवणार ते कोण विचारणार?"

ऋजुताला हसू आलं आणि रागही आला. तिने मनापासून सांगितलं होतं. निदान बरंचसं मनापासून. थोडं असंही होतं, की आज केतनच्या होणाऱ्या बायकोच्या, दिपिकाच्या घरचे येणार, खोली मोजणार, आणि त्या वेळी ताईंचं काय या प्रश्नाला कोणीतरी उत्तर तयार ठेवायला हवं होतं. प्रणितने ते तिच्यावर ढकललं होतं. उंटावरून शेळ्या हाकण्यात तिच्या नवऱ्याचा हात कोणी धरला नसता.

"ताई, तुम्हाला माहितेय ना, आज ते लोक कशाला येतायत?" तिने हळूच विचारलं.

"माहितेय. पलंग आणि कपाटासाठी खोली मोजायला."

"मग?"

"मग काय? मोजू दे. मोजून खोली झिजत नाय." हेमालीने मशीनचं चाक फिरवलं. "मला कोणी अजून सांगितलं नाय, ऋजुता. आयने नाय, प्रणितने नाय, केतनने नाय. सगळे मला सोडून एकमेकांना सांगतायत. ज्या दिवशी मला सांगतील, त्या दिवशी मी उत्तर देईन. आणि माझं उत्तर तयार आहे."

ऋजुताला त्या क्षणी तिचा हेवा वाटला. ती स्वतः या खोलीतून निघाली तेव्हा तिने त्या वेळचं ऑफिस लांब पडतं असं कारण दिलं होतं. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती.

*

आत शेवंती कोलंबी सोलत होती आणि प्रणित उगाच फ्रिज उघडून बंद करत होता.

"आय, ताईला तू सांग."

"तूच सांग. मोठा मुलगा हायस."

"मी? ती कात्री घेऊन बसलेय."

"मंग केतनला सांगू दे. लगीन त्याचं हाय."

"तो तर सकाळपासून ताईच्या समोरच जात नाय."

शेवंतीने कोलंबी पातेल्यात टाकली. तिने व्याह्यांना शब्द दिला होता, नव्या सुनेला पुढची खोली. तोंडातून सहज गेलं, रीतच होती. घरी येऊन हेमालीच्या मशीनची खडखड कानावर पडली तेव्हा आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. आपली लेक समजून घेईल, असं तिने स्वतःला सांगितलं. हेमाली नेहमीच समजून घेते. आणि मग तिला वाटलं, जी नेहमी समजून घेते तिच्याच ताटातलं आपण दर वेळी काढतो. आईने असं करावं याची तिला लाज वाटली. पण शब्द तर गेला होता.

"मशीन माळ्यावर जाईल," प्रणित म्हणाला. "नायतर डोंबिवलीला. ऋजुता बोलतेय तिच्याशी."

"माळ्यावर ती बसणार कशी? पत्रा तापतो."

"मग काय करायचं?"

उत्तर द्यायच्या आत बाहेर हाक आली. शहाडचे पाहुणे आले होते.

*

दिपिकाचे वडील आनंदा मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस. पलंग आणि कपाट लेकीला तोच देणार होता, आणि देणार म्हणजे कारखान्यात बनवायला टाकूनही झालं होतं. केतनने फोनवर माप दिलं होतं. आज नुसतं शेवटचं बघून घ्यायचं. दिपिका मुद्दाम बरोबर आली होती. ठाण्यातल्याच एका ऑफिसात ती हिशेब बघायची, आणि आपण जिथे राहायचं ती जागा आपण बघितली पाहिजे असं तिचं म्हणणं होतं. आनंदाने तिला अडवून बघितलं होतं. चालत नाही, हे त्याला बावीस वर्षांचा अनुभव सांगत होता.

चहा झाला. आनंदाने खिशातून टेप काढली. सगळे पुढच्या खोलीत आले आणि सगळ्यांनी एकदम मशीनकडे न बघायचं ठरवल्यासारखं छताकडे बघितलं. हेमाली बंडीला काज करत होती. ती उठली नाही.

"केतनराव, टोक धरा."

केतनने टोक धरलं. आनंदाने टेप भिंतीपर्यंत ओढली, बघितली, परत बघितली.

"तुम्ही नऊ फूट बोललेले ना?"

"हो. नऊच आहे."

"अहो, हे तर बारा झाले."

केतन गोंधळला. "असं कसं? मी स्वतः मोजलं. इथून... इथपर्यंत." त्याचं बोट दारापासून निघालं आणि कापायच्या टेबलाच्या कडेला येऊन थांबलं. सगळ्यांनी ते बोट बघितलं. केतनने पण बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. टेबल बाजूला जाणार हे धरून खोली मोजायची, तर पठ्ठ्याने टेबल ही भिंतच धरली होती.

आनंदा खो खो हसला. "जावयबापू, तुम्ही खोली मोजलीत का उरलेली जागा?"

"सवय आहे हो," केतन पुटपुटला. "टेबल तिथेच असतं."

"मग टेबल काढलं की झालं," प्रणित घाईने म्हणाला. "आमचं ठरलंच आहे तसं."

"कोणाचं ठरलंय?" हेमालीने विचारलं. आवाज चढवला नाही. सुईतला दोराही सोडला नाही.

शेवंतीने पदर सावरला. शेवटी केतनच म्हणाला, "ताई, तसं नाय गं. नव्या सुनेला पुढची खोली. रीत आहे ना आपली."

"झालं एकदाचं सांगून. चला." हेमालीने बंडी खाली ठेवली. "आता माझं ऐका. रीत मला मान्य आहे. नव्या सुनेला चांगली खोली मिळालीच पाहिजे. पण मी या खोलीतून उठणार नाय. माझं काम इथे आहे, माझी पोरं इथे येतात आणि उजेड इथे आहे. केतनने नऊ फुटांचं माप दिलं ना? या घरात नऊ फुटांची खोली आहे. मागची."

"मागची कुठली?" प्रणितने विचारलं.

"जाळ्यांची."

ती खोली मागायची हिंमत या घरात कोणी केली नव्हती. शेवंतीने पण नाही. दाराशी खुर्चीवर दामाजी बसला होता, सगळं ऐकत.

"ताई, तू पण ना," प्रणित दबक्या आवाजात म्हणाला. "बाबांसमोर..."

"बाबांसमोरच बोलतेय. मागून नाय."

"मी बघू का ती खोली?" दिपिका म्हणाली. आनंदाने तिला डोळ्यांनी गप्प केलं, पण ती गप्प झाली नाही. "म्हणजे राग मानू नका. पण मोरी मागच्या बाजूला आहे ना? मला सकाळी आठच्या आत निघायला लागतं. पुढच्या खोलीतून अख्खं घर ओलांडून केस धुवायला कोण जाणार? आणि इथे तर लोकांची पोरं घंटी न वाजवता येतात."

"पण दिपिका बाय, मी शब्द दिलाय तुझ्या बापाला," शेवंती म्हणाली.

"आई," ऋजुता एकदम बोलली. प्रणितने तिच्याकडे चमकून बघितलं, कारण हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. "मी या खोलीत राहिलेय. खिडकीखालून सगळा रस्ता जातो. रात्री कुजबुजलं तरी सकाळी कोळीवाड्याला माहीत. मी ऑफिसचं कारण सांगितलं, पण मी त्या खिडकीला कंटाळून गेले. नव्या जोडप्याला नका देऊ ही खोली. ही खोली लोकांनी यायचीच आहे."

प्रणित बघतच राहिला. केतन दिपिकाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू मोकळा होत चालला होता. शेवंती मात्र दामाजीकडे बघत होती. सगळे कितीही बोलले तरी ती खोली त्याची होती.

तेवढ्यात नील धावत आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगातून पाणी निथळतंय.

"आजोबा! आजोबा, बघा! पाणी सगळं गेलं आणि चिंबोरी राहिली!"

त्याने दामाजीसमोर उभं राहून खिसा पुढे केला. जाळीच्या घरांतून एक एवढीशी नांगी बाहेर हलत होती. दामाजी हसला, वाकला, आणि खिशाला हात लावल्यावर त्याचं हसू थांबलं. बोटांनी त्याने एक गाठ चाचपली, मग दुसरी. स्वतःच्या हातची गाठ माणूस अंधारातही ओळखतो.

"यो माझा पाग हाय," तो म्हणाला. "कोनी कापला?"

हेमाली उठून उभी राहिली. "मी कापला, बाबा."

"इचारलंस?"

"नाय. विचारलं असतं तर तुम्ही नाय म्हटलं असतं."

"व्हय. नायच म्हनलो असतो."

तिला वाईट वाटत होतं. खोलीसाठी ती कोणालाही उत्तर द्यायला तयार होती, पण यासाठी ती वाद घालणार नव्हती. "चुकलं माझं," ती म्हणाली. "न विचारता कात्री लावायला नको होती. पण बाबा, जिथे भोक होतं तिथलंच घेतलंय. आणि ते तिथे पडून कुजत होतं. इथे निदान त्यात काहीतरी सापडतंय."

शेवंतीने डोळे मिटले. आता हा उठणार आणि निघून जाणार, रात्रीपर्यंत येणार नाही, आणि पाहुण्यांसमोर घराची शोभा होणार.

दामाजी उठला. मागे गेला. जाळ्यांच्या खोलीची कडी वाजली. आनंदाच्या हातातली टेप सटकन आत गेली.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात जाळं विणायची सुई होती, दोरा भरलेली. त्याने नीलला दोन गुडघ्यांमध्ये उभं केलं, चिंबोरी काढून चहाच्या रिकाम्या पातेल्यात टाकली आणि खिशाच्या कडेला बोट लावलं.

"असा कापतात? घर मधनं तोडलंस. चार दिसात उसवंल आनि चिंबोरी जाईल. गाठ धरून कापायची असते. हलू नको रे."

"आजोबा, गुदगुल्या होतात."

"होऊ दे."

खोली मोजायला आलेली माणसं एका हाफपँटीचा खिसा नीट होईपर्यंत उभी राहिली. आनंदानेही घाई केली नाही. उल्हास नदीत त्याच्या बापाचंही जाळं होतं. दामाजीची बोटं सावकाश चालली होती, पण एकदाही अडली नाहीत. शेवटची गाठ मारून त्याने ओढून बघितली.

"आता मगर ठेवलीस तरी ऱ्हाईल," तो नीलला म्हणाला. मग मान वर न करता, "आनंदाशेठ, टेप घेऊन मागं चला. नऊ भरती का बघू."

नऊ भरली. वर थोडी उरली. दिपिकाने मोरीचं दार उघडून बघितलं, बंद करून बघितलं आणि केतनला मान हलवली. शेवंतीने व्याह्याला दिलेला शब्द व्याह्यानेच हसत परत केला. प्रणित जाळ्यांचा पहिला गठ्ठा उचलायला वाकला तेव्हा दामाजी म्हणाला, "चपला काढ आधी." त्याने चपला काढल्या.

दुपारी जेवणं होऊन पाहुणे गेले. जाळी अजून मासेमारीला जाणाऱ्या पुतण्यांकडे पोचती झाली. दामाजी त्यांच्या मागून गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. तो फाटका पाग मात्र त्याने कोणाला दिला नव्हता. तो खांद्यावर टाकून तो पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

हेमालीने त्याला बघितलं. तिला रडू येत होतं, म्हणून तिने टेप हातात घेतली. "या बाबा. तुमची बंडी पण बेतायची आहे हळदीची. पोरांच्याच कापडाची."

"मना टेप लावतंस? पोरांना लावत नायस ना?"

"तुम्ही जुनी बंडी आणून देत नाय. देता का? खिशात काय ठेवणार?"

"सुई."

"जाळी गेली ना? मग सुई कशाला?"

"पोरांचे खिसे कोन इननार?" दामाजीने पाग टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे बघितलं. "उद्याधरनं सकालचा बसतो तुझ्या खोलीत. उजेड बरा हाय तुझ्या खोलीत."

दाराबाहेर भांडी घेऊन चाललेली शेवंती थबकली. तिने पण ऐकलं होतं.

हेमालीने टेप गळ्यात अडकवली. "बसा की," ती म्हणाली. "पण खिडकीपाशी नाय हां. तिथे मी बसते."